वेळ नाही, की किंमत नाही?

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : ‘वेळ नाही’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं, आणि इंग्रजी बोलणारी माणसं तसं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवताना सगळ्यात जास्त घोटाळा मी याच दोन-तीन शब्दांत होताना पाहिला. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी हीच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात एका तरुणाच्या नोकरीतला प्रश्न आहे.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाचा माल लागोपाठ उशिरा गेला. पहिल्यांदा आम्ही लाइट गेल्याचं कारण कळवलं, नंतर कामगार गावच्या यात्रेला गेल्याचं. त्यावर त्यांची मेल आली, त्यात वाक्य होतं : ‘वी हॅव लिटल टाइम फॉर एक्स्प्लनेशन्स ऑफ धिस काइंड.’ मला वाटलं, ते कामात आहेत. मी लिहिलं, ‘नो प्रॉब्लेम सर, व्हेन यू आर फ्री वी विल एक्स्प्लेन इन डिटेल.’ तेव्हापासून मला मेल येणंच बंद झालं, सगळं थेट मालकांना जातं. माझं काय चुकलं ते सांगा की. — एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : आधी मनातली भीती काढून टाका. तुम्ही लिहिलेलं इंग्रजी ठीकच आहे. गडबड झाली ती त्यांचं वाक्य वाचताना, आणि ती होणं साहजिक आहे. शाळेत आम्ही ‘हॅव टाइम’ शिकवतो ते घड्याळाचं. त्याचा दुसरा अर्थ कुठल्या धड्यात येत नाही.

‘लिटल टाइम फॉर’ याचे इंग्रजीत दोन अर्थ चालतात. एक सरळ : अमुक गोष्टीला सवड कमी मिळते. दुसरा घड्याळापासून सुटलेला : अमुक गोष्ट मी खपवून घेत नाही, अमुक माणसाची मला किंमत वाटत नाही. तुमच्या गिऱ्हाइकानं लिहिलं ते दुसऱ्या अर्थानं. गणपत गल्लीतला एखादा व्यापारी म्हणेल, ‘असल्या सबबींना मी भीक घालत नाही’, तेच त्यांनी शांत शब्दांत लिहिलं. त्यावर तुमचं उत्तर गेलं की तुम्हाला सवड झाली की सगळं सविस्तर सांगतो. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळलं : हा माणूस आणखी कारणं सांगणार आहे, माल कधी पाठवणार ते मात्र सांगत नाही.

हे दोन अर्थ ओळखायचे कसे? ‘फॉर’च्या पुढे काय आलंय ते बघा. वाचन, व्यायाम, बागकाम असं माणूस स्वतः हौसेनं करतो ते काही आलं, तर बहुधा सवडीचीच गोष्ट असते. ‘आय हॅव लिटल टाइम फॉर रीडिंग’ म्हणणाऱ्याला वाचायला आवडत असतं, जमत नसतं. सबबी, कुरकुर, चहाड्या, बडेजाव असं दुसऱ्याचं वागणं आलं, की समजावं, हे सवडीबद्दल नाही. ‘शी हॅज नो टाइम फॉर गॉसिप’ म्हणजे चहाड्या तिला मुळीच खपत नाहीत.

शंका राहिली तर मी मुलांना एक युक्ती सांगायची, तीच तुम्हाला सांगते. त्या माणसाला दिवसभर काही काम नाही असं समजा आणि वाक्य परत वाचा. वाक्य तरीही खरं वाटलं, तर ते नावडीबद्दल आहे. तुमच्या गिऱ्हाइकाचं पूर्ण ऑफिस रिकामं बसलं असतं, तरी ‘असली कारणं नकोत’ हे त्यांचं म्हणणं तसंच राहिलं असतं.

‘फॉर’च्या पुढे माणूस आला की आणखी जपून वाचावं लागतं. ‘ही हॅज नो टाइम फॉर फ्लॅटरर्स’ : खुशमस्कऱ्यांना तो जवळ करत नाही. हे त्याचं कौतुक आहे. पण ‘ही हॅज नो टाइम फॉर हिज चिल्ड्रन’ म्हटलं की दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात; कामामुळे मुलांना वेळ देत नाही, आणि द्यावासा वाटत नाही असा ठपकाही त्यात आलाच. आणि काही वाक्यं खरोखरच दोन्हीकडे झुकतात. ‘आय हॅव लिटल टाइम फॉर क्रिकेट’ एवढंच कुणी म्हटलं, तर इंग्रजी ज्याची मायबोली आहे तोसुद्धा क्षणभर थांबेल. पुढे ‘धीज डेज’ आलं तर समजायचं, सवड गेली, आवड शिल्लक आहे. ‘आय हॅव नेव्हर हॅड मच टाइम फॉर क्रिकेट’ असं आलं तर आवड कधी नव्हतीच.

आणखी एक खूण आहे, ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. साध्या बोलण्यात सवडीबद्दल इंग्रज माणूस ‘आय हॅव लिटल टाइम’ असं फारसं म्हणत नाही. तो म्हणतो ‘आय हॅवन्ट गॉट मच टाइम’, अमेरिकन म्हणतो ‘आय डोन्ट हॅव मच टाइम’. नुसतं ‘लिटल’ हे लिहिण्यातलं, जरा कडक इस्त्रीचं इंग्रजी. तक्रारीच्या मेलमध्ये ते दिसलं की कान टवकारावेत. आपल्याकडे राग आला की आवाज चढतो, पत्रातले शब्दही चढतात. ब्रिटिश ऑफिसांतून येणाऱ्या पत्रांत पुष्कळदा उलट दिसतं. राग वाढला की वाक्यं आखूड होतात आणि जास्त सभ्य होतात. ‘वी आर डिसअपॉइंटेड’ हे आपल्याला मऊ वाटतं, तिकडे ते चांगलंच कडक आहे. ‘वी आर अ लिटल सरप्राइज्ड’ हेसुद्धा. अशा वाक्याला ‘नो प्रॉब्लेम सर’ हे उत्तर जाऊ देऊ नका.

आता करायचं काय? मालकांच्या कानावर घालून तुम्ही स्वतः एक मेल पाठवा. उशिराबद्दल एक वाक्य, बाकी सगळं तारखांचं. असं काहीसं :

‘वी आर सॉरी अबाउट द डिले. हाफ ऑफ द ऑर्डर विल लीव्ह अवर वर्क्स ऑन मंडे अँड द रेस्ट ऑन फ्रायडे. आय विल सेंड यू द शिपिंग पेपर्स द सेम डे.’

‘वर्क्स’ म्हणजे कारखाना, हा शब्द फौंड्रीच्या धंद्यात तिकडे रुळलेला आहे. काम कुठवर आलंय तेही सांगता येईल : ‘द कास्टिंग्ज हॅव बीन पोर्ड, फेटलिंग विल बी डन बाय थर्सडे.’ ओतकाम झालंय, घासकाम गुरुवारपर्यंत उरकेल. समोरचाही याच धंद्यातला, त्याला ही भाषा लगेच कळते आणि धीर येतो. ‘वी विल ट्राय अवर बेस्ट’ आणि ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ ही दोन वाक्यं या मेलमध्ये मुळीच नकोत. त्यांत तारीख नसते.

आणि यात्रेचं. आपल्या भागात महालक्ष्मीची यात्रा, यल्लम्माची यात्रा, गणपती, या तारखा आधीपासून ठाऊक असतात. त्या दिवसांत फौंड्रीत माणसं कमी असणार, हे ऑर्डर घेतानाच कळवून टाका. आधी कळवलेल्या सुट्टीबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचा राग यात्रेवर नव्हता. माल पोचायच्या दिवशी यात्रेची बातमी पोचली, यावर होता.

‘डेडलाइन’ हा शब्द तुमच्या मेलमध्ये रोज येत असणार, त्याची जन्मकथा सांगते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तुरुंग होता. तिथे तटाच्या आतल्या बाजूला लाकडी कठड्यानं एक हद्द आखलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. तिला ‘डेड लाइन’ म्हणत. मजकूर देण्याची शेवटची मुदत या अर्थानं तो शब्द पुढे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रुळला आणि तिथून सगळीकडे गेला.

प्रश्न : बाई, मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यातला फरक सर सांगतात, एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह. पाठ आहे, तरी पेपरात उलटं होतं. बसमध्ये कन्नड, घरी मराठी, वर्गात इंग्रजी, डोक्यात सगळं एकत्र कालवलं जातं. — विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : तीन भाषा येतात याचं ओझं वाटून घेऊ नकोस, इथे त्या तुझ्या मदतीलाच येतात. निगेटिव्ह-पॉझिटिव्ह विसर आणि मराठीतला ‘च’ आठव.

‘थोडा वेळ आहे’ आणि ‘थोडाच वेळ आहे’, ही दोन वाक्यं तू कधी एकाऐवजी दुसरं वापरत नाहीस. पहिल्यात आहे त्याकडे लक्ष आहे, दुसऱ्यात नाही त्याकडे. इंग्रजीत ‘अ’ असला की ‘थोडा’, ‘अ’ काढला की ‘थोडाच’. खानापूर ते बेळगाव साधारण 26 किलोमीटर. समज, बेळगावात पेपर आहे आणि तू स्टँडवर उभी आहेस. बस लागलेली आहे, सुटायला अवकाश आहे. मैत्रीण चहाचं विचारते. ‘वी हॅव अ लिटल टाइम, लेट्स हॅव टी.’ थोडा वेळ आहे, चल घेऊ. आता समज, ड्रायव्हर चढला आहे, इंजिन चालू आहे. ‘वी हॅव लिटल टाइम, वी कान्ट स्टॉप फॉर टी.’ वेळ थोडाच आहे. मिनिटं दोन्हीकडे कदाचित सारखीच असतील. बोलणाऱ्याला ती पुरेशी वाटतात की अपुरी, तेवढंच तो ‘अ’ सांगतो.

बसमधल्या कन्नडचं म्हणशील, तर कंडक्टर ओरडतो, ‘टैम भाळ इल्ल री!’ वेळ फार नाही हो! हे शब्दाला शब्द ‘नॉट मच टाइम’ आहे, आणि वर लिहिलंय तसं बोलताना इंग्रजी माणूस हेच म्हणतो. तेव्हा बोलायची वेळ आली की कंडक्टरचं वाक्य आठव आणि ‘देअर इज नॉट मच टाइम’ म्हण. ‘लिटल’ पेपरासाठी ठेव.

मिनिटं, तास, दिवस मोजता येतात, त्यांना ‘लिटल’ लागत नाही. ‘अ फ्यू मिनिट्स’, ‘फ्यू डेज’. फरक तोच, थोडे आणि थोडेच. ‘लिटल मिनिट्स’ कधी लिहू नकोस. आणि पेपर काढणाऱ्यांचा एक आवडता सापळा आहे : ‘क्वाइट अ फ्यू’. यात ‘फ्यू’ असूनही अर्थ ‘बरेच’ असा होतो. ‘क्वाइट अ फ्यू स्टुडंट्स केम लेट’ म्हणजे बरीच मुलं उशिरा आली.

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला राहून आले. शेजारच्या बाईंशी माझं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणं व्हायचं, इथून नेलेला कुंदाही त्यांना दिला होता. परवा मुलानं फोनवर सांगितलं, त्या म्हणत होत्या, ‘आय हॅव गॉट अ लॉट ऑफ टाइम फॉर युवर मदर.’ मी रिकामटेकडी होते असं तर नाही ना म्हणायचं त्यांना? मुलाला विचारायला संकोच वाटला. — एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, मनातून ते काढून टाका. त्यांनी तुमचं मनापासून कौतुक केलं आहे.

पहिल्या पत्रात जे आलं त्याचीच ही दुसरी बाजू. ज्याची किंमत वाटत नाही त्याच्यासाठी ‘लिटल टाइम’, आणि ज्याच्याबद्दल आदर आणि आपुलकी वाटते त्याच्यासाठी ‘अ लॉट ऑफ टाइम’. ही बोलण्याची खास ब्रिटिश तऱ्हा आहे, अमेरिकेत ती कमी ऐकू येते. वाक्यातला वेळ कुणाचा आहे ते बघा : ‘आय हॅव’. वेळ त्यांचा, आणि तो तुमच्यासाठी कधीही काढायला त्या तयार आहेत. ‘तुझ्या आईबद्दल मला फार वाटतं’ असं आपण म्हणू. तोंडावर कौतुक करायला तिकडच्या पुष्कळ माणसांना अवघड जातं. ती असं तिसऱ्यापाशी बोलतात. त्यांनी हे तुमच्या मुलाजवळ बोलून दाखवलं, याला मोल आहे.

तुम्हाला शंका आली त्या अर्थाचं वाक्य वेगळं आहे : ‘शी हॅज अ लॉट ऑफ टाइम ऑन हर हँड्स’. तिला काही उद्योग नाही. तिथे ‘फॉर’ नसतं, ‘ऑन हर हँड्स’ असतं.

तुमच्या पत्रात पुढे आणखी एक विचारलंय, की बसथांब्यावर एका गृहस्थांनी ‘हॅव यू गॉट द टाइम?’ म्हटलं आणि तुम्हाला काय उत्तर द्यावं ते कळेना. ‘द’ आहे म्हणजे ते किती वाजले विचारत होते. ‘द’ नसतं तर ‘सवड आहे का’ असा अर्थ झाला असता.

शेजारणीला निरोप पाठवायचा असेल तर मुलाला एवढं सांगा : ‘प्लीज टेल हर आय थिंक ऑफ हर ऑफन.’ त्यांची आठवण येते, हे त्यांना कळू दे.

प्रश्न : ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यात फरक काय? — स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, चिकोडी

उत्तर : ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या वेळेला, वेळापत्रकाप्रमाणे. ‘इन टाइम’ म्हणजे हुकण्याच्या आत. ‘द ट्रेन वॉज ऑन टाइम, बट वी डिड नॉट गेट देअर इन टाइम’ : गाडी वेळेवर होती, आम्हाला वेळेत गाठता आली नाही. मराठीतले ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ जवळजवळ असेच आहेत. ‘इन नो टाइम’ दिसलं तर ‘वेळ नाही’ असं समजू नका. त्याचा अर्थ चुटकीसरशी.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलं ‘मला वेळ नाही’चं भाषांतर ‘टू मी टाइम इज नॉट’ असं करतात. हसण्यावारी नेणं मला पटत नाही. त्यांना समजावून कसं सांगू? आणि इंग्रजीत वेळ ‘खर्च’ का करतात, ‘वाचवतात’ का, असंही एकानं विचारलं. — शिक्षिका, निपाणी

उत्तर : हसण्यावारी नेत नाही म्हणता, वाचून फार बरं वाटलं. त्या मुलांनी चूक केली ती विचार करून केली आहे. मराठीत वेळ ‘मला’ असतो किंवा नसतो. कन्नडमध्येही ‘ननगं टैम इल्ल’, म्हणजे पुन्हा ‘मला’च. आपल्या सीमाभागातलं मूल घरी मराठी बोलो की कन्नड, त्याच्या वाक्यात वेळ हाच कर्ता आणि माणसाला ‘ला’ लागलेला. भूक, तहान, ताप, राग, आठवण, सगळं आपल्याला येतं आणि जातं. इंग्रजीत माणूस पुढे होतो आणि वेळ त्याच्या मालकीची वस्तू होते : ‘आय हॅव टाइम’. मुलांना एवढंच सांगा की इंग्रजीत वेळ माणसाच्या खिशात असतो. खिशात असला म्हणजे तो खर्च करता येतो, वाचवता येतो, उधळता येतो, कुणाला देता येतो : ‘स्पेंड’, ‘सेव्ह’, ‘वेस्ट’, ‘गिव्ह’. सगळी क्रियापदं पैशाचीच, म्हणजे दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं.

‘टाइम इज मनी’ हे वाक्य अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांच्यामुळे जगभर गेलं. 1748 मध्ये एका तरुण व्यापाऱ्यासाठी लिहिलेल्या सल्ल्यात त्यांनी हिशोब मांडला : दिवसाला दहा शिलिंग कमावणारा माणूस अर्धा दिवस भटकला किंवा बसून राहिला आणि मौजेसाठी त्यानं सहा पेन्स खर्च केले, तर त्याचा खर्च सहा पेन्सच धरू नये, न कमावलेले पाच शिलिंगही त्यात धरावेत. निपाणीच्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये. ज्यांच्या घरी आई विड्या वळते, त्यांना हजार विड्यांमागे मजुरी कशी मिळते ते ठाऊक असतं. हात थांबला की त्या दिवसाची मजुरी तेवढी कमी होते. फ्रँकलिनचं वाक्य मुलांना सुभाषित म्हणून फळ्यावर लिहून देऊ नका, हा हिशोब त्यांच्याकडूनच करून घ्या.

मात्र मराठीत वेळ नुसता येतो-जातो असं सांगू नका. आपण वेळ काढतो, घालवतो, दवडतो, आणि काही वेळा मारूनही नेतो. इथे मुलांना एक सावधगिरीची सूचना द्या. ‘वेळ मारून नेणे’ आणि इंग्रजीतलं ‘किल टाइम’ दिसायला भावंडं आहेत, अर्थ अगदी निराळे. पाहुणे आले आणि घरात साखर नव्हती, तेव्हा शेजारून आणून वेळ मारून नेली, म्हणजे अडचण निभावली. ‘किल टाइम’ म्हणजे लोंढा जंक्शनला गाडीची वाट बघत कसाबसा वेळ काढणं. निभावण्याच्या जवळ जाणारा इंग्रजी शब्दप्रयोग ‘टाइड ओव्हर’. आणि आपल्याकडे ‘मारून नेली’ म्हणताना वेळ स्त्रीलिंगी होते, ‘काढला’ म्हणताना पुल्लिंगी. ती वेळ म्हणजे प्रसंग, तो वेळ म्हणजे काळ. चौथीच्या मुलांनासुद्धा हे सांगितलं की आवडतं.

तुमच्या कन्नड मुलांना सांगायला आणखी एक. त्यांच्या घरी ‘पुरसोत्तु इल्ल’ म्हणतात आणि आपल्या घरी ‘फुरसत नाही’. दोन्ही शब्द एकच, फारसीतून दोन्ही भाषांत आलेले. वर्गातल्या दोन बाकांवरच्या मुलांना हे एकमेकांकडून म्हणवून घ्या.

प्रश्न : मी घरून एका परदेशी कंपनीचं काम करते. सासूबाईंची औषधं, मुलाचा अभ्यास आणि मीटिंग, सगळं एकाच वेळी येतं. इंग्लंडचे सहकारी मध्येच विचारतात, ‘हॅव यू गॉट अ मिनिट?’ मी ‘नो टाइम नाउ’ असं लिहून टाकते. मग वाटतं, उद्धट झालं का? — टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : झालं थोडं, पण सुधारायला सोपं आहे.

मराठीत ‘आत्ता नाही हं’ म्हणताना तो ‘हं’ सगळं मऊ करतो. कन्नडमध्ये ‘री’ तेच काम करतं. इंग्रजीत असं शेपूट नाही, म्हणून तिथे मऊपणासाठी शब्द खर्चावे लागतात : ‘सॉरी’, ‘जस्ट’, ‘अ बिट’, ‘आय ॲम अफ्रेड’. तुमचं ‘नो टाइम नाउ’ मराठीतून थेट आलं आणि ‘हं’ वाटेत गळला. त्याऐवजी हे लिहा :

‘सॉरी, आय ॲम अ बिट टाइड अप जस्ट नाउ. कॅन आय कॉल यू ॲट फोर?’

‘टाइड अप’ म्हणजे कामात अडकले आहे; कुठल्या कामात, ते सांगायची गरज नसते आणि विचारायची रीतही नाही. सासूबाईंची औषधं द्यायची असतील तरी एवढं पुरे. खूपच घाई असेल तर ‘आय ॲम रादर पुश्ड फॉर टाइम टुडे’, हे इंग्लंडमध्ये फार चालतं. ‘प्रेस्ड फॉर टाइम’ सगळीकडे. ‘आय ॲम रश्ड ऑफ माय फीट’ म्हणजे आपलं ‘मान वर करायला फुरसत नाही’, ते बरोबरीच्या माणसाजवळ ठीक, साहेबांना लिहू नये. नुसतं ‘आय ॲम बिझी’ टाळा. आपण मराठीत ‘बिझी आहे गं’ सहज म्हणतो, इंग्रजीत ते एकटं उभं राहिलं की तुटक लागतं. आणि ‘आय हॅव नो टाइम फॉर धिस’ तर चुकूनही नको. का ते पहिल्या उत्तरात आलंच आहे. समोरच्याला वाटेल, मला हे ऐकायचंच नाही असं तुम्ही म्हणताय.

उलट बाजूनंही ऐकायला शिका. साहेबांनी ‘व्हेन यू हॅव अ मोमेंट’ लिहिलं, तर सवडीनं असा अर्थ घेऊ नका. हातातलं संपलं की लगेच, असं समजा. ‘देअर इज नो रश’ म्हणाले तर खरंच घाई नसते. ‘इन युवर ओन टाइम’ म्हणजे तुमच्या सवडीनं, पण इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ ‘कामाचे तास सोडून’ असाही होतो; अमेरिकन त्यासाठी ‘ऑन युवर ओन टाइम’ म्हणतात. कुठला अर्थ आहे ते संदर्भावरून बघा, पगाराच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. आणि ‘हॅव यू गॉट अ मिनिट?’ला हो म्हणण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मोकळी आहेत ना ते बघा, कारण ते बोलणं एका मिनिटात सहसा संपत नाही. तेवढी नसतील तर आधीच सांगून टाका : ‘आय हॅव गॉट फाइव्ह मिनिट्स, इज दॅट इनफ?’ याचं कुणालाही वाईट वाटत नाही.

‘ॲट फोर’ लिहिताना कुणाचे चार ते मात्र स्पष्ट करा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यांची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. तेव्हा ते आपल्या साडेचार तास मागे, एरवी साडेपाच तास. ‘फोर पीएम युवर टाइम’ लिहिलंत, तर उन्हाळ्यात तुमच्याकडे साडेआठ वाजलेले असतील आणि हिवाळ्यात साडेनऊ. मुलाच्या झोपेची वेळ बघून ठरवा.